सासूबाईंचा नवस आणि कातेल्लोची दोन अंडी

कातेल्लोनं सासूबाईंच्या उपासाच्या फ्रित्तात्यात अंडी घातली ती त्यांच्या तब्येतीसाठी, असं तो आजही सांगतो. तुम्हाला भेटला तर तुम्हालाही सांगेल. ऐकून घ्या, मान हलवा, वाद घालू नका. खरं काय झालं ते मी सांगतो. आमच्या नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारेत ते शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तुम्हाला कळल्यानं त्याची अब्रू आणखी जाईल अशी भीती नको. जायची तेवढी ती गेलेली आहे.

कातेल्लो नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून. माणूस वाईट नाही. पण एकदा पोटात जळजळ होते म्हणून डॉक्टरकडे गेला, नंबर यायला उशीर लागला, आणि समोर पडलेलं आहारशास्त्राचं एक मासिक त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. जळजळ गेली, मासिक डोक्यात राहिलं. त्यानंतर त्या घरात नुसतं जेवण असं कधी झालं नाही. जेवणाबरोबर व्याख्यान आलंच, आणि व्याख्यानाचा लाडका विषय अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. बलकात लोह, ड जीवनसत्त्व, डोळ्यांना लागतं ते सगळं. फक्त क जीवनसत्त्व नाही, तेवढं लिंबू पिळून घ्यावं. नळाची तक्रार घेऊन ऑफिसात आलेल्या माणसालाही तो विचारायचा, फ्रित्ताता म्हणजे काय समजता तुम्ही? कालच्या उरलेल्या शेवया, एक कांदा, चीजची वाळकी कड आणि वर चार अंडी. जाडजूड भाजला की अख्ख्या घराचं जेवण. आपले आजे-पणजे गोदीत दिवसभर घण मारायचे ते कशाच्या जोरावर? पावात घातलेल्या फ्रित्तात्याच्या. हे सगळं ऐकून होईपर्यंत त्या माणसाच्या नळाला आपोआप पाणी आलेलं असायचं.

घरात तिघं. कातेल्लो, त्याची बायको ओलिम्पिया, आणि सासूबाई रेस्तितूता. घर सासूबाईंचं. त्यामुळे व्याख्यान ऐकण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. ऐन प्रथिनांत त्या "मीठ सरकव" म्हणायच्या आणि कातेल्लो सरकवायचा.

तर या रेस्तितूताबाईंचा एक नवस होता. दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे मोठ्या उपासाच्या पहिल्या दिवशी, सुरू करायचा तो ईस्टरला सोडायचा. चाळीस दिवस मटण नाही, दूध नाही, चीज नाही, अंडं तर नाहीच. चर्चनं अंड्याची बंदी केव्हाच उठवली होती. आमचे धर्मगुरू डॉन सोस्सिओ यांनी त्यांना स्वतः घरी येऊन सांगितलं की बाई, या वयात एखादं अंडं खाल्लंत तर देव रागवायचा नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "सवलत तुम्ही दिलीत. मी बोलले आहे ते संत कातेल्लोशी. त्यांनी काही दिलेली नाही." विषय संपला. (संत कातेल्लो म्हणजे आमच्या गावाचे राखणदार संत.)

नवस कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बोलून दाखवलेल्या नवसाचा गुण जातो. पण न सांगताही गावाला कळत होतं. त्यांचा थोरला मुलगा लीबेरो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत होता. दर्याकाठच्या गावात आई दुसरं काय मागणार?

उपासाच्या शुक्रवारी या घरात बिनअंड्याचा फ्रित्ताता व्हायचा. त्याला आम्ही स्काम्मारो म्हणतो. जुन्या मठांत आजारी साधूंना मांस चालायचं म्हणे, पण ते त्यांनी आपल्या खोलीत दार लावून खायचं. खोलीत खाल्लेलं ते काम्मारो, आणि बाहेर पंगतीत सगळ्यांबरोबर खाल्लेलं उपासाचं ते स्काम्मारो. उकडलेल्या शेवया घ्यायच्या, त्यात ऑलिव्ह, बेदाणे, चिलगोजे, लसूण आणि खारवलेली बारीक मासळी घालायची. (मासळी उपासाला चालते. दर्याकाठी धर्मालाही पोट असतं.) मग तव्यात दाबून मंद आचेवर ठेवायचं आणि तवा हळूहळू फिरवत राहायचं. अंडं नाही, त्यामुळे त्याला धरून ठेवायला काही नाही. शेवया एकमेकींना आपणहून धरतात, तीही घाई केली नाही तर.

त्या शुक्रवारी ओलिम्पियाला एका नवरीच्या झग्याचं शेवटचं माप घ्यायला जायचं होतं. ती शिवणकाम करायची, आणि नवरीच्या आईनं सकाळपासून दोनदा माणूस पाठवला होता. सासूबाई सर्दीनं अंथरुणात. तवा शेगडीवर. ओलिम्पियानं कोट चढवता चढवता नवऱ्याला सांगितलं की कडा लाल झाल्या की वर ताटली ठेव, उलटव, आणि परत तव्यात सरकव. बाकी काही करू नकोस. विचार तर करूच नकोस.

आता गंमत बघा. आमच्याकडे फ्रित्ताता उलटवणं याचा आणखी एक अर्थ आहे. आपली चूक बोलता बोलता समोरच्याच्या गळ्यात घालायची, याला आम्ही म्हणतो फ्रित्ताता उलटवला. या कलेत कातेल्लोचा हात धरणारा गावात नव्हता. छत्री तो विसरायचा आणि शेवटी माफी ओलिम्पिया मागायची, कारण तिनं आठवण केली नव्हती. मात्र खराखुरा फ्रित्ताता त्यानं जन्मात उलटवला नव्हता.

त्यानं ताटली ठेवली, डोळे मिटले आणि उलटवला. अर्धा ताटलीत आला. थोडा शेगडीवर पडला. उरलेला त्याच्या सपातेवर.

आतून सासूबाईंचा आवाज आला, झालं का रे? हा म्हणाला, होतंय. आणि सपातेवरचं सोडून बाकीचं (असं तो म्हणतो) गोळा करून त्यानं पुन्हा तव्यात दाबलं. पण एकदा फाटलेलं ते काही सांधेना. चमच्यानं दाबलं, हातानं दाबलं, वर पाण्याचं भांडं ठेवून पाहिलं. उचलायला गेलं की शेवया आपापल्या वाटेनं निघायच्या. आतून पुन्हा विचारणा झाली. ओट्यावर टोपलीत अंडी होती, कातेल्लोच्या स्वतःच्या नाश्त्याची.

दोनच. फक्त दोन घेतली त्यानं. फेटली, ओतली, आणि बघता बघता सगळं कसं छान धरलं. सोनेरी, गोल, देखणं. ते ताटलीत घेताना मग त्याला एकदम आठवलं की अरे, म्हातारीच्या पोटात उपास धरल्यापासून प्रथिनंच नाहीत. आधी अंडी फुटली आणि मग तत्त्वज्ञान सुचलं, हा क्रम लक्षात ठेवा. तो स्वतः विसरला आहे.

त्यानं ताट आत नेलं. सासूबाई उठून बसल्या, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग जावयाकडे पाहिलं.

"आज चांगला बांधून आलाय."

"आच, आई. सगळी आचेची करामत."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "दार ओढून घे जाताना. वारं लागतं."

थोड्या वेळानं ताटली बाहेर आली ती पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई उठल्या, गालांवर रंग, आवाज खणखणीत. (सर्दी उतरणारच होती. पण प्रथिनं ज्याच्या डोक्यात शिरली त्याला कोण सांगणार?) कातेल्लोला वाटलं, आपण म्हातारीला मरणाच्या दारातून ओढून आणली. ओलिम्पियाला कळलं की नवऱ्यानं नुसता उलटवला नाही, तर आईनं तो ताट चाटून संपवला. तिनं त्याचा गाल कुरवाळला. हे पूर्वी कधी झालं होतं ते त्याला आठवेना. त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण गाल कुरवाळून घेत असताना अंड्यांचा विषय कोण काढतो?

शुक्रवारचा फ्रित्ताता तेव्हापासून त्याच्याकडे आला. पुढच्या शुक्रवारी त्यानं तीन अंडी घातली, आता शास्त्र म्हणून. सासूबाई बऱ्या झाल्या होत्या, तरी ताट खोलीतच मागवायच्या. स्वयंपाकघरात वारं येतं म्हणायच्या. जिन्यावर बातमी पसरली. वरच्या मजल्यावरची बाई आपल्या नवऱ्याला ऐकवू लागली की बघा, सासूसाठी शेगडीपुढं उभा राहणारा जावई बघा, आणि त्या नवऱ्यानं कातेल्लोशी बोलणं टाकलं. बायका खाली येऊन विचारायच्या, इतका एकसंध कसा होतो हो तुमचा? आमचा तर फुटतो. कातेल्लो मान तिरकी करून म्हणायचा, मनापासून करायला लागतं. असं बोलताना त्याला लाज वाटायची हे मी कबूल करतो. पण वाटायची ती बायका वर गेल्यावर.

त्यानंतरच्या शुक्रवारी ओलिम्पियानं कौतुकानं डॉन सोस्सिओंना जेवायला बोलावलं. त्यांनी दोन मोठे तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले की असा स्काम्मारो मी माझ्या आजीच्या हातचाही खाल्लेला नाही. सासूबाई आपलं ताट उचलून खोलीत गेल्या. दारातून वळून त्यांनी जावयाकडे असं काही पाहिलं की त्याच्या हातातला काटा खाली पडला. पण त्याला वाटलं, पाहिलं असेल कौतुकानं.

आणि मग लीबेरोचा फोन आला नाही.

त्याचं जहाज काळ्या समुद्रातून ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आत नेपल्सला लागायचं होतं. प्रत्येक बंदरातून तो घरी फोन करायचा, अर्धा मिनिट का होईना. या खेपेला फोन गप्प. रेडिओवर सांगितलं की तिकडं वादळ आहे, काही जहाजांशी संपर्क नाही. ओलिम्पियाच्या शिलाया वाकड्या जाऊ लागल्या. सासूबाई विणकाम करत बसायच्या आणि म्हणायच्या, येईल.

कातेल्लोच्या पाचावर धारण बसली. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं खाणारी शांत होती आणि खवखव वाढणाऱ्याला सुटली होती. आईनं मुलासाठी इतकी वर्षं पाळलेला नवस, आणि तो आपण पाणीखात्यातला एक कारकून तीन शुक्रवार सलग अंडी घालून मोडतो. वर संत कातेल्लोच्याच नावाचे आपण. त्याला स्वप्न पडायचं ते जहाजाचं नाही, तव्याचं. तव्यात लीबेरो, आणि कुणीतरी ताटली घेऊन उभं. जेवण जाईना. नाश्त्याची अंडी तशीच टोपलीत राहायची. ऑफिसात एका बाईंनी सांगितलं की नळ गळतोय, बादली बुडतेय, तर बुडतेय हा शब्द ऐकून तो उठून बाहेर गेला.

ओलिम्पियाला त्याची दशा दिसत होती. एका दुपारी ती त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझ्या भावावर तुझा इतका जीव आहे हे मला माहीतच नव्हतं रे." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं की कॉफी टाकतो.

शेवटी तो चर्चमध्ये गेला आणि पापकबुलीच्या जाळीपलीकडे डॉन सोस्सिओंना त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे प्रथिनांपासून सुरुवात केली. सहा ग्रॅमपर्यंत आला तेव्हा डॉन सोस्सिओ म्हणाले, पापाकडे ये. मग तो पापाकडे आला.

जाळीपलीकडची खुर्ची करकरली.

"मी खाल्ला तोही?" डॉन सोस्सिओंनी विचारलं.

"तोही, फादर. चार अंडी."

"मी साऱ्या गावाला सांगत सुटलो की स्काम्मारो असावा तर असा." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पुढं बोल."

"फादर, एक शंका होती," कातेल्लो म्हणाला. खरं तर गुडघे टेकतानाच त्यानं ही शंका तयार ठेवली होती. "जुन्या मठांत आजाऱ्यानं खोलीत बसून खाल्लं तर चालायचं ना? आमच्या सासूबाई आजारी होत्या. आणि त्यांनी प्रत्येक वेळी खोलीतच खाल्लं. दार ओढून. म्हणजे नियमानं पाहिलं तर ते काम्मारोच झालं. तेव्हा नवस काही..."

"कातेल्लो."

"फादर?"

"चर्चमध्ये तरी फ्रित्ताता उलटवू नकोस."

शिक्षा सोपी होती. एकही प्रार्थना नाही, मेणबत्ती नाही. सासूबाईंसमोर उभं राहायचं आणि खरं सांगायचं. ईस्टरच्या आत. कातेल्लोनं विचारलं की त्याऐवजी शंभर प्रार्थना चालतील का. डॉन सोस्सिओंनी जाळीची झडप लावून घेतली.

ते दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. सकाळी सासूबाईंसमोर जाऊन उभा राहायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, आई, तुमचा चष्मा पुसून देऊ? दुपारी जायचा, घसा साफ करायचा, लोकर गुंडाळून देऊ? सासूबाईंचा चष्मा इतका स्वच्छ झाला की त्यांना कोपऱ्यातली जळमटं दिसू लागली, आणि मग तीही त्यालाच काढावी लागली. लीबेरोचा फोन नव्हता. बंदरातल्या कचेरीत ओलिम्पिया रोज जाऊन यायची आणि दारात आली की दोघंही तिच्या तोंडाकडे पाहायची. ती मान हलवायची. कातेल्लो भिंतीकडे वळायचा.

गुड फ्रायडे उजाडला. त्या दिवशी फ्रित्ताता करायचाच होता आणि तो त्यालाच करायचा होता. कातेल्लोनं अंड्यांची टोपली उचलली आणि शेजारणीच्या दारात ठेवून आला, मोहच नको म्हणून. मंद आचेवर तवा ठेवला. घाई केली नाही, हळूहळू फिरवत राहिला, घाम पुसला, पुन्हा फिरवला. कडा लाल झाल्या. ताटली ठेवली. या वेळी डोळे उघडे ठेवले. फुटला. मधोमध फुटला आणि मग त्या दोन्ही अर्ध्यांचेही तुकडे झाले. त्यानं ते तसेच ताटात ढिगासारखे घातले आणि सासूबाईंच्या खोलीकडे निघाला.

पण सासूबाई स्वतःच बाहेर आल्या. खुर्ची ओढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. म्हणाल्या, आज इथंच खाते. काटा घेतला, आणि तो फुटका ढीग त्यांनी अशा चवीनं खायला सुरुवात केली की बघणाऱ्याला भूक लागावी. बेदाणे शोधून शोधून खाल्ले. खाली राहिलेला मासळीचा चुरा पावानं टिपून घेतला. ओलिम्पिया शिलाईवरून उठून बघत राहिली.

"आज चव आली," सासूबाई म्हणाल्या.

झालं. कातेल्लो फरशीवर बसला, गुडघ्यांवर, हात जोडून, आणि बोलत सुटला. आई, माझं चुकलं. गेले तीन शुक्रवार मी अंडी घातली. तुमच्या तब्येतीसाठी घातली. एका अंड्यात सहा ग्रॅम... इथं त्यानं वर पाहिलं. सासूबाई वाट बघत होत्या.

"नाही, तब्येतीसाठी नाही. उलटवताना फुटला म्हणून घातली. तुम्ही आतून विचारत होतात, मला लाज वाटली. शेगडीवरनं उचलला होता तो. थोडा सपातेवरनंही. मग सगळे शाबासकी द्यायला लागले आणि मला सांगवेना. आई, तुमचा नवस मी मोडला. लीबेरोला काही झालं असेल तर ते माझ्यामुळं झालंय."

ओलिम्पियाच्या हातातली कात्री टेबलावर पडली. सपातेवरनं? असं तिनं अगदी हळू विचारलं. आपला भाऊ बुडाला की नाही याआधी तिला सपात सुचली, त्याबद्दल तिला पुढं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, दार ढकललं गेलं, आणि खांद्यावर पिशवी घेतलेला लीबेरो आत आला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास. त्यानं फरशीवर हात जोडून रडणारा मेहुणा पाहिला, पांढरीफटक बहीण पाहिली आणि डोक्यावरची टोपी तशीच राहिली.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

पुढं काय झालं ते सांगायला नको. ओलिम्पिया त्याच्या गळ्यात पडली. पण तिच्याही आधी कातेल्लो पडला, आणि आईला मुलापर्यंत पोचायला जावयाला बाजूला करावं लागलं. लीबेरोला काही कळेना. तो म्हणाला, वादळ बिदळ काही नाही. इंजिनाचा पंप गेला म्हणून एका आडबंदराला नांगर टाकून बसलो होतो, तिथला फोनही बिघडलेला. याला काय झालं? ओलिम्पिया डोळे पुसत म्हणाली, "यानं तुला अंड्यात बुडवला होता."

सगळं ऐकून लीबेरो हसत सुटला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी जावयाला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, मी साठ वर्षं फ्रित्ताता करतेय. मला पहिल्याच घासाला कळलं."

कातेल्लो खुर्चीतून अर्धा उठला. "कळलं? मग खाल्लात का?"

"खाल्ला कुठं? तो घास रुमालात काढला. बाकीचा खिडकीतून. खाली दारवानाचा कुत्रा असतो ना, त्याला." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "कुत्र्याची कातडी काय चकाकतेय हल्ली. तू म्हणतोस ते खरं आहे, अंड्यात गुण आहे."

"आणि तुम्ही? तुम्ही काय खाल्लंत त्या तिन्ही शुक्रवारी?"

"पाव. दोन-चार ऑलिव्ह."

हे मात्र त्याला लागलं. इतके दिवस त्याला जहाजाची भीती होती, संताची भीती होती. पण बंद दाराआड म्हातारी कोरडा पाव चावत बसली होती आणि दाराबाहेर आपण तिच्या तब्येतीच्या नावानं शाबासक्या गोळा करत होतो, हे ऐकल्यावर त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. त्याचे कान लाल झाले. ओलिम्पियाकडे बघायचा त्याला धीर होईना. तो टेबलाकडे बघून म्हणाला, "बोलला का नाहीत, आई? एकदा तरी रागावायचं होतं."

"तू आपणहून कधी सांगतोस ते बघत होते."

"म्हणजे नवस मोडला नाही," कातेल्लो म्हणाला. आवाजात थोडा जीव आला होता. "लीबेरो सुखरूप आला. संतानं ऐकलं."

"लीबेरोचा काय संबंध?" सासूबाई म्हणाल्या. "लीबेरोला पोहता येतं. नवस तुझ्यासाठी आहे. तुमचं लग्न झालं त्या वर्षापासून. तुला अक्कल यावी म्हणून."

लीबेरो खिडकीबाहेर बघू लागला. ओलिम्पियानं आईचा हात धरला आणि म्हणाली, आई, इतकी वर्षं? सासूबाई म्हणाल्या, एकही दिवस न मोडता. याही वर्षी नाही.

आता इथं दुसरा कुणी गप्प बसला असता. पण कातेल्लोचा स्वभाव. त्यानं नाक पुसलं, विचार केला, आणि सुरू केलं की आई, एक बाजू बघा. नवस तुम्ही पुरा पाळलात. अंडी मी घातली ती अक्कल नव्हती म्हणून घातली. ती वेळेवर यायला हवी होती, ती पोचवणं संताचं काम होतं. तेव्हा नीट पाहिलं तर चूक...

"संताची," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. "खरं आहे बाबा. मीच त्यांना फार छळलं."

लीबेरोनं हसू दाबत टोपी काढली आणि आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवला. सासूबाई त्या टकलाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"पुढच्या वर्षी याला केस यावेत म्हणून धरते," त्या म्हणाल्या. "होण्यासारखं तरी काहीतरी मागावं माणसानं."